सरकारांनी मीठ काढविले आणि दोर सुटले, त्याची हकीकत

श्री. ज्याचे कृपेने वीज टिकते आणि यंत्रे चालतात, त्या गजाननास नमन करून जाहले वर्तमान लिहिले जाते. शके एकोणीसशे चव्वेचाळीस, शुभकृत् नाम संवत्सरी, वैशाख भरात असता, एका विद्यापीठी रसायनखात्याचे तख्तावर राजेश्री त्र्यंबकराव हुपरीकर विराजमान होते. सरकार बहुत शुचिर्भूत. बशीस डाग दिसला तरी चहा परत पाठवावा. त्यांचे पदरी इरावतीबाई सोनटक्के संशोधन करीत. माशाचे पेशींतून डीएनए काढावा, पाण्यात हळूहळू तापवावा, आणि त्याचे पिळलेले दोन दोर कोणत्या उष्णतेस सुटतात ते पाहावे, हे बाईंचे काम. दोर सुटले की प्रकाश जास्त गिळतात आणि यंत्रावरील रेघ घाटासारखी चढते. बाईंची पदवी सरकारांचे सहीवाचून अडली होती.

ऐशियात तज्ज्ञांचे मंडळ पाहणीस येणार ऐसी खबर आली, आणि सरकार खासा प्रयोगशाळेत दाखल जाहले, आणि पाण्यात किंचित मीठ आहे ऐसे कळताच मर्जी बिघडली. मीठ म्हणजे मळ, सगळे काढून टाका, ऐसी आज्ञा जाहली. मिठातील सोडियमने दोर धरून ठेवले आहेत, ऐसी बाईंनी विनंती केली.

"मीठ आमटीत," इतुके बोलून सरकार निघाले. मग बाईंनी मीठ काढविले. परंतु थोडा मिठातला डीएनए फ्रीजमध्ये राखला, आणि चोरी केल्यासारखे त्यांस वाटले.

मग मंडळ आले. यंत्र सुरू जाहले, पाणी कढत आले, आणि रेघ सपाट ती सपाटच. सरकारांस घाम फुटला. मग सावरून त्यांनी जाहीर केले जे, आमचा डीएनए उष्णतेस दादच देत नाही. मंडळी माना डोलवू लागली, पारितोषिकाची गोष्ट निघाली. बाईंस पेच पडला. बोलावे तर सही गेली, न बोलावे तर खोटे आपल्याही नावे छापून येणार. मग त्या उभ्या राहिल्या.

"सर, दोर टिकले नाहीत. तापवण्याआधीच सुटले होते. आता आणखी काय सुटणार?"

मंडळाच्या मुख्य विमलाबाई कार्लेकर यांनी, दाखवाल काय, ऐसे विचारले. मग बाईंनी राखलेला डीएनए आणिला, त्यात चिमूटभर मॅग्नेशियमचा क्षार घातला आणि तापविला. रेघ सपाट चालली, सर्वांचा चहा निवला, आणि पाणी उकळीस टेकता टेकता रेघ एकदम घाट चढली. विमलाबाईंनी टाळी वाजविली.

तो सरकार उठून वदले, "हेच दाखवायला आम्ही मीठ काढवले होते."

बाईंनी फरशीकडे पाहिले. मंडळ सरकारांची तारीफ करून गेले. मग सरकारांनी बाईंस दालनात बोलाविले, दार लोटले, आणि हळूच पुसले, "बाई, ते मॅग्नेशियम नेमकं करतं तरी काय?"

बाईंनी सांगितले जे, दोन्ही दोरांवर एकसारखा ऋण भार, म्हणून एकमेकांस ढकलतात. धातूचे धन आयन जवळ येऊन ते भांडण शमवितात. उष्णता फार जाहली तर मात्र त्यांचेही चालत नाही. सरकारांनी उभ्यानेच ऐकिले, दोनदा पुन्हा पुसले, आणि सही केली.

ऐसे वर्तमान जाहले. बाई डॉक्टर जाहल्या. सरकार पुढे निवृत्त होते समयी निरोपाचे सभेत मॅग्नेशियमवर पाऊण तास बोलिले, आणि ते सर्व बरोबर होते. लेखणी येथे ठेविली.