लाल फुलीचा दवाखाना

मिस्टर बार्नेट रोज सकाळी आपल्या दारातल्या खांबावर इंग्लंडचा झेंडा चढवायचे. पांढरं कापड, त्यावर लाल फुली. वर सॅल्यूट! अमेरिकेतल्या कॅरी गावातल्या आमच्या रस्त्यावर दोन हजार एकच्या हल्ल्यानंतर घराघरांवर, अगदी मेलबॉक्सवरसुद्धा अमेरिकेचे तारे फडकत होते. त्यात हा एकटा हट्टी म्हातारा.

"तुम्ही ब्रिटिश ना?" मी पहिल्या भेटीत विचारलं.

"इंग्लिश, मॅडम. इंग्लिश!" जसं काही मी त्यांचं खानदानच काढलं. फुटबॉलला कुणी सॉकर म्हटलं की त्यांचं टाळकं सरकायचं. चहाचं पाणी मायक्रोवेव्हमध्ये तापवणारा तर त्यांच्या लेखी माणसांत जमाच नव्हता. अहो, आमच्यावर दीडशे वर्षं राज्य करून झालं, आता तरी गप्प बसावं की नाही? छे!

मग सांगलीहून आई आली. तिसऱ्याच दिवशी मी ऑफिसातून येते, तर बाईसाहेब समोरच्या घरातून पदर सावरत बाहेर येताहेत.

"अगं, समोर दवाखाना आहे हे सांगायचं नाहीस? एवढी लाल फुली लावलीय दारात!" तिनं म्हणे नाडी दाखवायला हात पुढे केला. त्यांनी शेकहँड केला, बसवलं आणि चहा पाजला. "डॉक्टर सज्जन आहे हो. औषध तेवढं फिकं देतो."

मी कपाळावर हात मारून घेतला. खरं काय ते समजल्यावरही आई त्यांना डॉक्टरच म्हणत राहिली आणि रोज चार वाजता 'औषधाला' जात राहिली. तिला इंग्रजी येईना, त्यांना मराठी. गप्पा मात्र रंगायच्या.

आमच्या कॉलनीच्या असोसिएशनला हा झेंडा खुपायचा. इथे फक्त अमेरिकेचाच लावा, अशा नोटिसा यायच्या. बार्नेट म्हणायचे, "मी मेल्यावर उतरवा!"

याच ताठ्यापायी त्यांनी एकुलता एक मुलगा तोडला होता. टॉम अमेरिकेच्या फौजेतून इराकला निघाला, तेव्हा हे त्याला म्हणाले होते, "दुसऱ्याच्या झेंड्यासाठी मरायला चाललास? मग या घरात परत येऊ नकोस." मला हे सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते. बायको आधीच गेलेली. टॉमचा फोन कधी आला नाही.

एका दुपारी लष्करी गणवेशातले दोघं त्यांच्या दारात येऊन उभे राहिले. काय झालं ते सगळ्या रस्त्याला कळलं नाही, पण आम्हाला समोरून दिसत होतं. टॉम गेला.

दुसऱ्या दिवशी लाल फुली खांबावर नव्हती. अमेरिकेचा झेंडा होता, अर्ध्यावर. असोसिएशनची बाई गाडीची काच खाली करून आनंदानं ओरडली, "फायनली! थँक यू!" तिला बिचारीला काही माहीत नव्हतं, तरी तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटली.

मी धावत गेले. बार्नेट दोर धरून उभे होते. म्हणाले, "तो होता तेव्हा लावायला हवा होता."

 

मागून आई आली. "डॉक्टर," एवढंच म्हणाली आणि पहिल्या दिवसासारखाच हात पुढे केला. त्यांनी शेकहँड केला नाही. तो हात दोन्ही हातांत घट्ट धरला आणि भर रस्त्यात, सगळ्यांच्या देखत, ओक्साबोक्शी रडले.