राऊळांची शुक्रवारची मॅच

शुक्रवारी दुपारी अडीच वाजले की आमच्या शेजारच्या फ्लॅटचं दार धाडकन उघडायचं, आणि डॉक्टरांचा पांढरा कोट घातलेले राऊळ काखेत दोन निशाणं मारून लिफ्टकडे धावत सुटायचे. लिफ्ट वेळेवर आली नाही तर जिन्याने. आम्ही आठव्या मजल्यावर राहत होतो.

राऊळ डॉक्टर नव्हते. ते माझ्याच ऑफिसात एसीच्या डक्टिंगची एस्टिमेट्स काढायचे. पण दुबईतल्या अल नहदाच्या आमच्या बिल्डिंगचा वॉचमन कुट्टी त्यांना डॉक्टरच समजत असे. एकदा त्याने त्यांना लिफ्टच्या दारात अडवून गुडघा दाखवला. राऊळांनी वाकून गुडघा नीट पाहिला आणि म्हणाले, "शाम को बर्फ लगाओ. अभी मॅच का टाइम हो गया." गुडघा बरा झाला. मग काय विचारता, कुट्टीची बायको सुट्टीवर आली तेव्हा तिची कंबरही राऊळांकडेच आली.

तो कोट पंचाचा होता. गेलिक फुटबॉल नावाचा एक आयरिश खेळ आहे. त्यात बॉल पायाने मारतात आणि हातानेही धरतात, आणि अंगावर तर असे जातात की बघणाऱ्याची बरगडी दुखावी. गोलच्या खांबांपाशी पांढरे कोट घालून पंच उभे असतात. बॉल आडव्या दांडीवरून गेला तर एक पॉइंट, पांढरं निशाण. खालून जाळ्यात गेला तर गोल, त्याचे तीन पॉइंट, हिरवं निशाण. दुबईतल्या आयरिश लोकांचा क्लब दर शुक्रवारी एका रग्बीच्या मैदानावर हे सगळं करत असे. त्यांच्यात गाव, तालुका, जिल्हा यांवरून इतकी चुरस की गोलपाशी उभं करायला दोन्ही बाजूंना मान्य होईल असा एक आयरिश माणूस सापडत नव्हता. त्या क्लबात खेळणारा आमच्या प्रोजेक्टवरचा आयरिश इंजिनियर पॉरिक एकदा गंमत म्हणून राऊळांना घेऊन गेला. तिथे त्यांना पहिलाच प्रश्न आला, कुठल्या काउंटीचे? राऊळ म्हणाले, "सिंधुदुर्ग." क्लबवाल्यांनी तसं वहीत लिहून घेतलं आणि कोट हातात दिला.

तेव्हापासून माणूस हातचा गेला. ते प्रत्येक गोष्टीचा स्कोअर गोल आणि पॉइंटमध्ये सांगू लागले. मीटिंग कशी झाली विचारलं की, "शून्य-तीन." माझ्या बायकोने उपमा दिला तर एक घास खाऊन, "एक-सात, वहिनी." ती आत येऊन मला विचारायची की हे चांगलं की वाईट.

एका जागी बसणं त्यांना ठाऊक नव्हतं. बुधवारपासूनच पाय हलायला लागायचे. कंपनीने एकदा दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कच्या साइटवर शुक्रवारी, म्हणजे तिथल्या सुट्टीच्या दिवशी, बोलावलं. मॅनेजर चिडखोर, त्यात राऊळांचा व्हिसा रिन्यूअलला गेलेला. तरी हे उभे राहून म्हणाले, "सर, सॅटरडे टू थर्सडे आय अ‍ॅम युअर्स." मी टेबलाखालून त्यांना लाथ मारली, तर म्हणाले, "देशमुख, कृपया हस्तक्षेप करू नका."

हे असलं मराठी. आणखी एक गंमत हीच. राऊळ मूळचे वेंगुर्ल्याकडचे, पण तोंडून मालवणीचा एक शब्द निघायचा नाही. "मी आपणांस एक विनंती करू इच्छितो," असं म्हणून ते साखर मागायला यायचे. पुण्याच्या कॉलेजात पहिल्या वर्षी ते तोंड उघडून काही बोलले आणि सगळा वर्ग हसला, एवढंच त्यांनी मला एकदा सांगितलं होतं. तेव्हापासून वीस-बावीस वर्षं ते असं इस्त्री केलेलं बोलत होते. मी यावर हसायचो, पण मीही अमरावतीचाच. माझी वऱ्हाडी कुठल्या स्टेशनावर उतरली ते मलाही आठवत नाही.

एका शुक्रवारी संध्याकाळी सहाच्या सुमाराला भिंतीपलीकडून आरडाओरडा सुरू झाला. माझी मुलगी म्हणाली, "बाबा, राऊळ अंकल इज फायटिंग विथ समवन." मी धावत गेलो. दार उघडंच होतं. आत राऊळ एकटेच, अंगात अजून कोट, फोनची वायर ताणून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत येरझाऱ्या घालत ओरडत होते.

"अगो आये, आयक तरी! पॉरिकान बॉल घेतल्यान, दोघांका आडवे केल्यान, आणि असो मारल्यान… नाय गो, भायर नाय, वरसून गेलो! मियाच निशाण दाखवलंय!"

मला बघून ते थबकले. कोणी चोरी पकडावी तसे कानापर्यंत लाल झाले. फोन ठेवल्यावर प्रथमच खुर्चीत बसले आणि सांगू लागले.

आई गावाला एकटी. हे इथे एकटे, लग्न राहून गेलेलं. दर शुक्रवारी फोन. "प्रकृती कशी आहे?" "बरी आसा." "जेवण झाले का?" "झाला." मग दोघंही गप्प. फोन ठेववत नाही आणि बोलवतही नाही. अशी कित्येक वर्षं गेली. मग त्या मैदानावर पहिल्याच दिवशी त्यांनी पॉरिकला त्याच्या चुलतभावाशी कसल्याशा निराळ्याच भाषेत ओरडताना ऐकलं. इंग्लिश नव्हती. त्यांनी विचारलं, तर पॉरिक म्हणाला, ही आमची घरची, आयरिश. यांनी विचारलं, कुणी हसत नाही? पॉरिक म्हणाला, हसू दे की, त्यांना जमत नाही म्हणून हसतात. मॅच संपल्यावर म्हातारे, पोरं, नर्सबाया, सगळे तुटकीमुटकी का होईना, तीच भाषा बोलत होते.

"त्या संध्याकाळी मी आईला मॅच सांगायला घेतली," राऊळ म्हणाले, "आणि देशमुख, ते 'प्रकृती कशी आहे'च्या भाषेत सांगताच येईना. बॉल हलेचना. मग मी..." वाक्य अर्धंच टाकून ते कोटाची बटणं काढायला लागले.

आई आता पॉरिकच्या बाजूने होती. विरुद्ध निर्णय गेला की "शिरा पडो त्या पंचाच्या तोंडार" म्हणायची. तो पंच बहुतेक वेळा तिचा मुलगाच असायचा.

मे महिना आला आणि खेळ बंद झाला. त्या उन्हात मैदानावर उभं राहणंच अशक्य. आयरिश मंडळी सुट्टीवर घरी गेली, खेळ आता सप्टेंबरशिवाय सुरू होणार नव्हता. राऊळांची अवस्था बघवेना. ऑफिसात पेन्सिली मोडायचे, जिने चढायचे-उतरायचे. पहिल्या शुक्रवारी सहा वाजता मी मुद्दाम कान दिला. पलीकडे आधी नुसत्या येरझाऱ्या. मग हळू आवाजात, "आये, आज काय झाला सांगू…" आणि मॅच सुरू.

ती सबंध खोटी होती. पुढच्या शुक्रवारची तशीच, त्याच्या पुढचीही. राऊळ आठवडाभर बसून मॅच रचायचे आणि धास्तावलेले असायचे. "तिच्या लक्षात आले तर, देशमुख? परत आम्ही दोघे फोन धरून बसू."

जुलैत मी सुट्टीवर गेलो. मुंबईहून कामासाठी गोव्याला जायचं होतं, तेव्हा राऊळांनी आईसाठी दिलेलं खजुराचं पार्सल घेऊन वेंगुर्ल्याला वाट वाकडी केली. म्हातारीने चहा दिला, पुढ्यात बसली आणि पॉरिकचा पाय बरा झाला का विचारलं. मला माहीतच नव्हतं त्याचा पाय मोडल्याचं. मी गडबडीने म्हणालो, झाला, झाला.

ती माझ्याकडे बघत हसली. "तुमका खोटा बोलूक जमणा नाय. माझ्या झिलाक जमता." मग पदराने तोंड पुसून म्हणाली, "माका म्हायत आसा सगळा. वैशाखात तोच म्हणाललो, हंय उनात पाय ठेवूक गावणा नाय. मगे ही पोरां खेळतत खंय? त्या खेळातला माका आधी पन कायएक कळा नाय. पन तो माझ्या भाशेत बोलता. आदी फोन येय तेवा माका वाटायचा, तलाठी बोलता." माझा कप उचलताना म्हणाली, "तुमी तेका सांगू नकात हां. सांगलात तर परत तलाठी होतलो."

परतीच्या विमानात माझे डोळे दोनदा भरून आले, आणि शेजारच्या माणसाला मी एसीचं कारण सांगितलं.

राऊळ दारातच उभे होते. बॅग खाली ठेवू दिली नाही. "आई काय म्हणाली? ओळखले का तिने?"

"छे," मी म्हणालो. "पुढची मॅच कधी आहे, विचारत होती."

"शुक्रवारी," ते म्हणाले आणि लगेच घाबरे झाले. "परवाच की हो. आणि माझ्याकडे समोरची टीमच नाही. सगळ्या वापरून झाल्या."

मी त्यांच्या घरात शिरलो, टेबलावरची वही जवळ ओढली आणि म्हणालो, "बसा. लिहा. अमरावती."