उपाशी टाकीला घाम फुटतो

माझी बायको सकाळी उठल्यावर आधी ट्रॅक्टरचं तोंड बघायची, मग माझं.

ट्रॅक्टरचं तोंड म्हणजे टाकीखालची काचेची वाटी. टाकीतलं डिझेल त्या वाटीतनं पुढं पंपाला जातं. डिझेलात पाणी असलं तर ते जड, म्हणून वाटीच्या तळाला बसतं. अनसू, अनसूया तिचं नाव, पदर खोचून गोठ्यात उकिडवी बसायची आणि वाटीला नाक लावून बघायची. पाणी नसलं तर म्हणायची, "शाना हाय माझा." चाळीस वर्षांच्या संसारात मला हे कधी ऐकायला मिळालं नाही. मग ती उठायची, माझ्याकडं बघायची आणि म्हणायची, "उठा आता. ऊन आलं."

आमचं गाव कर्जत आणि खोपोलीच्या मधे, सडकेपासून आत, भाताच्या खलाटीत. खोपोलीकडं कारखाना आला त्यात आमचा माळ गेला. त्याच साली जोडीतला एक बैल पान लागून, म्हणजे साप डसून, मेला. मी छोटा ट्रॅक्टर घेतला. छोटाच, कारण आमची खाचरं ताटाएवढी. मोठा ट्रॅक्टर वळवायचा तर शेजाऱ्याच्या खाचरात जाऊन वळवावा लागेल. नारळ फुटला, अनसूनं ओवाळलं, मी टोपी तिरकी करून वर बसलो. पुढचे तीन आठवडे मी गावात कुणाशीही खाली उतरून बोललो नाही.

चौथ्या आठवड्यात ऐन चिखलणीत, खाचराच्या मधोमध, ट्रॅक्टर खोकला, पांढरा धूर ओकला आणि गप झाला. बांधावर माणसं जमली. ज्यांच्याशी मी खाली उतरून बोललो नव्हतो ती सगळी.

खोपोलीहून मिस्त्री आणला. त्यानं वाटी सोडवली, त्यातलं तळहातावर ओतलं आणि मला दाखवलं. "मालक, हे डिझेल हाय का ताक?"

मग म्हणाला, पिंप कुठं ठेवलंय ते दाखवा. दाखवलं. डिझेलचं पिंप मी पागोळीखाली उभं केलं होतं. आता यात माझी काय चूक? आमच्याकडं पावसाळ्यात हंडा, घंगाळ, पिंप, जे काय असेल ते पागोळीखाली सरकवायचं, ही हाताचीच खोड. पाणी धरायला ठेवतात ते. ह्या पिंपात पाणी धरायचं नव्हतं, एवढंच माझ्या ध्यानात आलं नाही.

मिस्त्री समजावत होता. पिंपाच्या डोक्याला कडा असते, तिथं पाणी साचतं. दिवसा तापलं की पिंप फुगतं, गार झालं की आत श्वास ओढतं, आणि बुचाच्या आट्यांतनं वरचं पाणी आत घेतं. बूच घट्ट असलं तरी घेतं. मी यातलं काही ऐकलं नाही, कारण मी तेव्हा ट्रॅक्टर विकणाऱ्याच्या आईबापाला आठवत होतो. अनसू चहा घेऊन उभी होती. चहा गार होईपर्यंत तिनं सगळं ऐकून घेतलं, मला ते पुढं तिच्याकडनंच कळलं. त्या दिवसापासून डिझेल माझ्या हातातनं गेलं ते गेलंच.

तिनं पिंप पडवीत आणवलं आणि दोन ओंडक्यांवर तिरकं निजवलं. नवीन पिंप आलं की दोन दिवस त्याला कुणी बोट लावायचं नाही. मी म्हणायचो, "अगं, चिखलणी खोळंबली." ती म्हणायची, "बसू दे. कर्जतवरनं टेंपोत हालत आलंय ते. तुमी आलात की तुमाला पण गार व्हायला येळ लागतो ना?"

मग गाळणी. सुपारी फोडावी इतक्या सहज ती माझ्या पेटीला हात घालून माझ्या लग्नाचा फेटा काढून बसली. तांबडा, जरीच्या काठाचा. मी घरात शिरलो तेव्हा तिनं त्याचे चार तुकडे केले होते.

"अगं बाई, माझ्या लग्नाचा हाय तो!"

"तुमाला परत लगीन करायचं हाय का?"

नाही म्हटलं. "मग गप बसा," म्हणाली. तो फेटा चौपदरी करून नरसाळ्यावर बांधून ती डिझेल ओतायची. पण तिला हेही माहीत होतं की फडकं कचरा अडवतं, पाणी अडवत नाही. "पाण्याला येळच द्यावा लागतो," म्हणायची. पिंपातलं शेवटचं चार बोटं डिझेल तिनं कधी टाकीत घातलं नाही. ते दाराच्या बिजागऱ्यांना आणि गाडीच्या कण्याला.

आणि बाटल्या. प्रत्येक पिंपातलं थोडं डिझेल ती पांढऱ्या काचेच्या बाटलीत काढून खिडकीत ठेवायची. सकाळी उजेडाला धरायची. पाणी असलं तर तळाला मण्यासारखं दिसतं. खिडकीत अशा पाच-सहा पिवळ्या बाटल्या कायम. वाटेनं जाणारी माणसं मला विचारायची, "काय, घरीच काढता का?"

ह्या बाटल्यांपायी आमच्या शकूचं लग्न एकदा मोडलं. मुलाकडची आली, पोहे झाले, सासरा व्हायच्या बेतातला माणूस सारखा खिडकीकडं बघत होता. अनसूच्या ध्यानात आलं. उठली, एक बाटली घेतली आणि मुलाच्या हातात दिली. "डिझेल हाय ते. तळाला पाणी दिसतंय का? आता सांगा, तुमी काय कराल?"

मुलगा शिकलेला. म्हणाला, "हलवून बघीन," आणि हलवली. सगळी बाटली गढूळ.

ती माणसं गेल्यावर अनसू म्हणाली, "हालवणारा नवरा नको माझ्या पोरीला."

मी डोक्याला हात लावला. तिला वेड लागलंय असं मी तिच्या भावाला पत्र घातलं. पुढं सहा महिन्यांनी वसंता आला. खोपोलीला कारखान्यात कामाला, अंगानं काटकुळा, बोलायचा कमी. त्याच्याही हातात बाटली गेली. त्यानं बाटली उजेडाला धरली, बघितली, हळूच खाली ठेवली आणि म्हणाला, "ऱ्हाऊ दे जराशी." अनसूनं आत जाऊन शकूला सांगितलं, "साखर आण." तोच माझा जावई. माणूस सोन्यासारखा आहे, हे मला कबूल करावं लागतं. बाटलीनं निवडलेला.

तिच्या हिशेबात मी पण एक पिंपच होतो. माझं डोकं तापट. भावाशी बांधावरनं वाद झाला की मी कोयता घेऊन निघायचो. ती आडवी यायची नाही, रडायची नाही. ओट्यावर तांब्या आणून ठेवायची. "बसा. एवढं पाणी प्या. मग जावा, मी कुठं नको म्हंतेय." मी बसायचो. पाणी प्यायचो. ती समोर बसून तांदूळ निवडायची. तांदूळ निवडून होईपर्यंत माझ्यातलं गढूळ तळाला गेलेलं असायचं, आणि कोयता कशाला घेतला ते आठवेना म्हणून मी परसातली केळ तोडून यायचो. केळी बऱ्याच तोडल्या मी. भावाचं आणि माझं अजून बरं आहे.

पण तिचा सगळ्यात मोठा हट्ट टाकीचा. संध्याकाळी ट्रॅक्टर गोठ्यात आला की टाकी गळ्यापर्यंत भरायची. उद्या काम असो नसो. मी भुकेनं कावलेला असायचो आणि ही नरसाळं घेऊन उभी. "आधी त्याचं पोट, मग तुमचं."

"उद्या भर की! पळून चाललाय का तो?"

"उपाशी टाकीला घाम फुटतो."

मी हसलो होतो. लोखंडाला कसला घाम? तिनं मला चुलीपाशी नेलं आणि भाताच्या भांड्यावरचं झाकण उचललं. आतनं थेंबच थेंब. "हे बघा. वर मोकळी जागा ऱ्हायली की थेंब धरतो. टाकी भरलेली असली की थेंबाला जागा कुठं?" नंतर मिस्त्रीला विचारलं तर तोही म्हणाला, बाई बरोबर बोलतेय. मग मी मिस्त्रीलाच विचारायचं सोडून दिलं.

तिच्या अंगाला डिझेलचा वास यायचा. हाताला, पदराला, वेणीला. मी नाक मुरडायचो. एकदा म्हटलं, "बायको हाय का पेट्रोलपंप?" ती पाठ फिरवून निजली. दुसऱ्या दिवशी शिकेकाई लावून न्हाली, आणि संध्याकाळी परत टाकी भरली.

मग तिच्या पोटात गाठ निघाली. कर्जतच्या डॉक्टरनं मुंबईच्या इस्पितळाची चिठ्ठी दिली. भात झोडून झालं होतं, दिवाळी होऊन गेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं निघायचं होतं. संध्याकाळी मी घरात तिला शोधतोय तर ही गोठ्यात. डबा उचलायचं बळ राहिलं नव्हतं. तांब्यानं डिझेल घेत होती, एक तांब्या ओतायची आणि चाकाला टेकून बसायची. परत उठायची.

माझं टाळकं सरकलं. मी ओरडलो, "मरायला टेकलीस आणि त्याला पाजत बसलीस?"

बोलून गेलो. ती काही चिडली नाही. तांब्या भरून ओतला, झाकण लावलं, वर फडकं बांधलं. म्हणाली, "मी येईस्तवर उभाच ऱ्हाणार तो. तुमी काय बघणार हाव त्याच्याकडं? भरून ठेवला म्हंजे काळजी नाय."

ती आली नाही. तिला घेऊन आलो, ते वेगळं.

त्याला दोन पावसाळे होत आले. गेल्या साली मी भाड्याचे बैल आणून चिखलणी केली. गोठ्याला कडी. लोक म्हणाले, म्हातारा ट्रॅक्टर विकणार. विकायचा नव्हता. चालवायचाही नव्हता. त्या टाकीत तिनं तांब्या-तांब्यानं ओतलेलं डिझेल होतं. ट्रॅक्टर चालू केला की ते जळणार, आणि जळालं की तिच्या हातचं माझ्याकडं काय उरलं? शिजवलेलं तर तेव्हाच खाऊन संपवलं. कुणाला हे सांगायची सोय नाही. शहाणं माणूस बायकोचा फोटो जपतं. मी डिझेल जपत होतो.

ह्या साली रोपं तयार झाली आणि बैल कुठं मिळेनात. शकू आणि वसंता आले. वसंतानं गोठा उघडला, भोवती फिरून बघितलं आणि म्हणाला, "मामा, दीड वर्स उभं हाय. पाणी धरलं असंल. पंप गंजला तर ट्रॅक्टर गेला. जुनं काढून ओतून देऊ, नवं भरू."

"हात लावू नको."

"अवो मामा, पण..."

"हात लावू नको म्हंतो ना!"

शकू आत गेली आणि तांब्या भरून माझ्यापुढं ठेवून गेली. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. मी ओट्यावर बसलो, पाणी प्यालो. गढूळ खाली जायला वेळ लागला, समोर तांदूळ निवडणारं कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोंड न धुता गोठ्यात गेलो. गुडघे वाजवत उकिडवा बसलो. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या वाटीला नाक लावलं. धूळ बसली होती, काही दिसेना. मग वाटीखालचा स्क्रू सैल केला, थोडं डिझेल पांढऱ्या बाटलीत धरलं आणि तिच्या खिडकीत नेऊन ठेवलं. वसंता म्हणाला, "किती येळ ठेवायची?" मी म्हटलं, "बसू दे."

चहा झाला. भाकरी झाली. ऊन पडवीतनं खिडकीवर आलं. वसंता एकदाही बाटलीला शिवला नाही. मी उठलो आणि बाटली उजेडाला धरली. तळाला मणी नव्हता. अर्धासुद्धा नाही. पिवळं, स्वच्छ, आरपार. पलीकडं शकू उभी होती, ती दिसत होती.

"शानी होती," मी म्हटलं. मी कधी तिच्या तोंडावर म्हटलं नव्हतं.

बॅटरी उतरली होती. डिझेलचा हातपंप मारून नळीतली हवा काढली, दोघं-तिघं बोलावून उतारावरनं ढकलला. दोनदा खोकला आणि चालू झाला. धूर काळा निघाला, पांढरा नाही. वसंता वर बसला, मी बांधावर उभा राहिलो आणि तिचं डिझेल जळताना ऐकत राहिलो. दुपारपर्यंत दोन खाचरं झाली.

संध्याकाळी ट्रॅक्टर गोठ्यात आला. मी खुंटीवरचा फेट्याचा तुकडा काढला. तो मी धुतलेला नाही, धुणार नाही. नरसाळ्यावर बांधला आणि पडवीतनं नव्या डिझेलचा डबा आणला.

वसंता म्हणाला, "मामा, अर्ध्याच्या वर हाय अजून. उद्या भरू. जेवून घ्या आधी."

"आज."

त्याला काय सांगणार? अनसू दही लावायची तेव्हा आदल्या दिवसाचं चमचाभर मागं ठेवायची. तिच्या सासूकडनं आलेलं विरजण होतं ते, कधी मोडू दिलं नाही. रोज नवं दूध, पण आत जुनं असायचंच. टाकी रोज गळ्यापर्यंत भरली, अर्ध्याखाली कधी जाऊ दिली नाही, तर तिच्या तांब्यातलं त्यात थोडं राहणारच. उद्या थोडं कमी, परवा त्याहून कमी. पण राहणार.

झाकण लावलं, फडकं बांधलं. मग हात न धुताच पाटावर बसलो. शकूनं वाढलं. घास तोंडाशी नेला तर हाताला डिझेलचा वास येत होता. मी नाक मुरडलं नाही.