हणमंतरावांनी बॅटरी घरीच बदलली

एका जंगलात, मुलांनो, हणमंतराव नावाचं एक अस्वल राहत होतं. त्याच्याकडे गाडी होती. तिची बॅटरी दोन महिन्यांपासून आजारी होती. चावी फिरवली की गाडी म्हाताऱ्यासारखी खोकायची आणि रुसून बसायची.

हणमंतराव रोज म्हणत, उद्या बघू. असं करता करता कुंदीच्या साखरपुड्याचा दिवस उजाडला.

कुंदी म्हणजे त्यांची एकुलती एक लेक. मुलगा ओढ्यापलीकडच्या जंगलातला, मधाच्या व्यापाऱ्यांच्या घरातला. मुहूर्त साडेअकराचा. मंडळी अशी वक्तशीर, की मागची दोन स्थळं त्यांनी नुसत्या उशिरापायी मोडली होती. आणि त्याच सकाळी आठ वाजता गाडी खोकलीसुद्धा नाही.

नवी बॅटरी घरात आणून ठेवलेली होती. मेकॅनिक साळिंदर गावाला गेलेलं. हणमंतरावांनी बाह्या सरसावल्या. (अस्वलाला बाह्या नसतात म्हणणाऱ्याने जरा गप्प बसावं.)

अंगणात बॉनेट उघडलं की जंगल जमतंच. पहिले आले शेजारचे वानर, दिगूभाऊ. त्यांच्याकडे गाडी नव्हती, त्यामुळे त्यांना गाडीतलं सगळं कळायचं. मागोमाग सहा गवे आले, दोन सांबरं आली. चहा टाकावा लागला.

हणमंतरावांची बायको शेवंताबाई बॅटरीच्या खोक्यातला कागद वाचत होती. तिने सांगितलं, जुनी काढताना आधी उणे खुणेची तार सोडायची, मग अधिकची.

दिगूभाऊंनी कप खाली ठेवला.

"वहिनी, आज पोरीचा साखरपुडा. आणि सुरुवात उण्याने?"

"कागदावर तसंच लिहिलंय, भाऊजी."

"कागद लिहिणाऱ्याला लेक नसेल."

गव्यांनी माना डोलावल्या. हणमंतरावांना खरं तर बायकोचं पटत होतं. पण गवे सहा होते.

त्यांनी बॅटरीला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि शुभ म्हणून अधिकच्या तारेलाच पान्हा लावला. पान्ह्याचं दुसरं टोक टेकलं गाडीच्या पत्र्याला. असा काही जाळ निघाला, की दिगूभाऊंच्या भुवया जागच्या जागी जळाल्या आणि गाडीचा मोठा फ्यूज उडाला. नवी बॅटरी बसवली, चावी फिरवली. काही नाही. धक्का मारून पाहिला. तरी काही नाही.

साडेनऊ वाजले. कुंदी शालू नेसून मागच्या सीटवर बसलेली. बाप खिडकीशी आला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "बाबा, मी आता उतरणार नाही."

मग काय करतात? गव्यांनी डोकी लावली, सांबरांनी खांदे दिले, दिगूभाऊ टपावर बसून डावं-उजवं सांगू लागले. पुढच्या सीटवर शेवंताबाई त्याच कागदाने वारा घेत होती. हणमंतराव तिच्याकडे न बघता स्टिअरिंग वळवत होते.

अकरा वीसला गाडी मांडवाशी पोचली. मुलाकडची सगळी अस्वलं बघतच राहिली. विहीणबाई पुढे आल्या.

"गाडी बंद पडली वाटतं?"

हो म्हणावं, तर तिसरं स्थळ मोडणार. हणमंतरावांनी धापा टाकणाऱ्या गव्यांकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "छे हो. आमच्यात लेकीला इंजिनाच्या भरवशावर आणत नाहीत. गणगोत ढकलत आणतं."

विहीणबाईंचे डोळे पाणावले. त्यांची थोरली सून साखरपुड्याला बटणावर सुरू होणाऱ्या गाडीतून आली होती, एकटीच.

साखरपुडा मुहूर्तावर झाला. तेव्हापासून त्या दोन्ही जंगलांत कोणाचाही साखरपुडा असो, मुलीचा बाप निघण्याआधी गाडीची बॅटरी काढतो. आधी अधिकची तार. त्यासाठी दिगूभाऊंना पानसुपारी देऊन बोलावतात.

तात्पर्य: सूचनांचा कागद वाचून काम केलं, तर फार फार तर गाडी चालते. न वाचता केलं, तर रूढी पडते. आणि रूढीला बॅटरी लागत नाही, नुसते ढकलणारे लागतात.