कप्तानाची पुण्यतिथी

पत्रिका वाचता वाचता महेशला ठसका लागला. सुवर्णाने पाण्याचा तांब्या पुढे केला, पाठीत दोन धपाटे घातले, तरी ठसका थांबेना. लाल शाईत छापलं होतं: ‘अंतराळ मित्र मंडळ, सायखेडा. कप्तान ओरन यांची दहावी पुण्यतिथी. रविवारी सकाळी ठीक दहा वाजता. प्रतिमापूजन, आठवणी व भोजन. खास आकर्षण: मालिकेचा अखेरचा भाग मोठ्या पडद्यावर. प्रमुख पाहुणे: तो भाग स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले गावचे एकमेव गृहस्थ, श्री. महेशराव.’

“अहो, चांगलंय की! नाव केवढ्या अक्षरात छापलंय,” सुवर्णा म्हणाली. “दर वर्षी एकटे जाता, या वेळी मी पण येते.”

महेशला दुसरा ठसका लागला.

आता हा कप्तान ओरन सायखेड्याचा नव्हता, निफाड तालुक्याचाही नव्हता. तो या पृथ्वीवरचाच नव्हता. ‘नक्षत्रयान’ नावाची एक परदेशी मालिका होती, हिंदीतून बोलणारी. एक संपली की दुसरी, दुसरी संपली की तिसरी, अशी ती वर्षानुवर्षं चालली. कप्तान बदलले, यानं बदलली, खलनायकांची कातडी निळीची हिरवी झाली, पण सायखेड्याची पोरं काही हलली नाहीत. रविवारी दहाला खंडेरावांच्या रंगीत टीव्हीपुढे सतरंजी अंथरली जायची. द्राक्षबागेची फवारणी त्या हिशेबाने लवकर उरकली जायची. शेजारच्या गावची माणसं यांना येडे म्हणायची, आणि हे त्यांना अडाणी म्हणायचे. सगळ्यांचा जीव शेवटच्या कप्तानावर, ओरनवर. गडी लय भला, असं सावळीरामआबा म्हणायचे. आबा रिटायर्ड पोस्टमन, साठी उलटलेले, आणि पोरांच्या बरोबरीने सतरंजीवर मांडी ठोकून बसणारे.

शहाण्णवच्या फेब्रुवारीत शेवटचा भाग लागणार, आणि आदल्या दिवशी गावचा ट्रान्सफॉर्मर जळाला. गावात सुतक पडलं म्हणा ना! त्या वेळी महेश रविवारी पहाटे गुलाब घेऊन नाशिकच्या फुलबाजारात जायचा आणि माल संपला की पंचवटीत चंद्रभागामावशीकडे जेवायचा. मावशीकडे टीव्ही होता. अख्ख्या मंडळाने त्याला एसटीत बसवून दिलं.

“नीट बघ. पापणी लववू नको,” खंडेराव म्हणाले. ते मंडळाचे अध्यक्ष. “आणि येऊन एकूण एक सांग.”

महेश पावणेदहाला मावशीच्या दारात पोचला, तर मावशी पैठणी नेसून तयार. “बरा आलास. हातपाय धू, हा शर्ट घाल. पलीकडच्या गल्लीत मुलगी बघायला जायचंय. दहाची वेळ दिलीय.”

“मावशी, दहाला नको गं! अकराला जाऊ!”

“लोक पोहे करून बसलेत. चल मुकाट्यानं.”

पुढचा तास महेश मुलीच्या घरी पलंगाच्या कडेला बसून होता. समोर टीव्ही होता. त्याच्यावर भरतकामाचा रुमाल आणि रुमालावर प्लॅस्टिकच्या फुलांची फुलदाणी. पाहुणे असताना टीव्ही लावणं असभ्य, म्हणून तो बंद. पण शेजारच्या बिऱ्हाडात तोच कार्यक्रम दणक्यात चालू! मधली भिंत पातळ. महेशने जेवढं ऐकू आलं तेवढं ऐकलं. आधी एक मोठा धमाका. मग एक बाई हुंदके देत होती. मग कुठलं तरी कुत्रं भुंकलं. मग शेवटचं संगीत वाजलं आणि मुलीच्या वडिलांनी विचारलं, “मग, बागायती किती म्हणालात?”

संध्याकाळी एसटीतून उतरला तर स्टँडवर चाळीस माणसं उभी. महेशच्या मनात, देवाशपथ, खरं सांगायचंच होतं. पण आबा दुपारपासून काठी टेकून उन्हात उभे होते. त्यांच्या तोंडाकडे बघून ‘मी मुलगी बघायला गेलो होतो’ हे शब्द काही फुटेनात. हाताशी काय होतं? एक धमाका, एक रडणारी बाई आणि एक कुत्रं.

“कप्तान... गेला,” महेश म्हणाला.

मागच्या कुणीतरी डोक्यावरची टोपी काढली.

“यान वाचवलं, पण स्वतः गेला. धमाक्यात. यानावरची डॉक्टरीणबाई लय रडली. आणि... शेवटपर्यंत त्याच्याजवळ एक कुत्रं होतं.”

मालिकेच्या सगळ्या भागांत मिळून एक कुत्रं कधी दिसलं नव्हतं. पण हे विचारायला भानावर कोण होतं? आबांनी उपरण्याने डोळे पुसले आणि म्हणाले, “मुकं जनावर. त्यालाच माया असती.”

महेशला वाटलं, आठवड्याभरात विसरतील. कसचं विसरतात! पुढच्या वर्षी खंडेरावांनी पुण्यतिथी जाहीर केली. मासिकातला फोटो कापून फ्रेम केला आणि गावच्या पेंटरकडून शेजारी कुत्रं काढून घेतलं. आबांनी जिलबी सोडली. जिलबी म्हणजे आबांचा जीव की प्राण. लोक घरचं माणूस गेल्यावर आवडता पदार्थ सोडतात, आबांनी कप्तानासाठी सोडला. कारभारी वायरमनने तर कहरच केला. ओझरच्या कारखान्यातला कुणी पाहुणा लग्नात म्हणाला की कप्तान मेलाच नाही, तर कारभारीने पंगतीत त्याची गचांडी धरली. “जिता हाय म्हनला! आपल्या मान्साबद्दल असं बोलतो का?” आणि दर वर्षी फोटोचा हार यायचा तो नाशिकला महेशने टाकलेल्या फुलांच्या दुकानातून. हार घालताना त्याला फोटोतल्या कप्तानाकडे बघवत नसे. कुत्र्याकडे तर मुळीच नाही.

आणि आता हे! खंडेरावांचा जावई राज पुण्यात कॉम्प्युटर कंपनीत होता. सासऱ्यांना खूष करावं म्हणून त्याने परदेशातल्या मित्राकडून शेवटच्या भागाची सीडी मागवली होती.

महेशने कारभारीला फोन लावला. “काय रे, रविवारी तिकडं लाईट जाणार आहे का?” आवाजात जेवढी आशा मावेल तेवढी मावली होती.

“जानार व्हती ना, दहा ते चार. पन तू प्रमुख पाहुना! मी जनरेटर सांगून ठेवलाय. डबल सोय हाय, तू बिनघोर ये.”

रविवारी महेश बिनघोर आला नाही. शाळेच्या सभागृहात दीडशे माणसं होती. बायका एका बाजूला, त्यांत पुढच्या रांगेत सुवर्णा. महेशने कप्तानाला हार घातला. राजने अदबीने सीडी त्याच्या हातात दिली. “तुमच्याच हातानं लावा, महेशकाका.” महेशच्या हातून सीडी पडली. ती उचलायला म्हणून तो घाईने पुढे झाला आणि नेमका तिच्यावरच पाय पडला. काडकन आवाज आला.

“अरेरेरे! माझ्या हातून काय झालं हे!”

“असू द्या काका,” राज पिशवीत हात घालत म्हणाला. “चार कॉप्या काढल्यात.”

भाग सुरू झाला. धमाका झाला, पण उडालं ते शत्रूचं यान. डॉक्टरीणबाई रडली, पण आनंदाने. कप्तान ओरन ठणठणीत! त्याने राजीनामा दिला, डॉक्टरीणबाईशी लग्न केलं, एका हिरव्या ग्रहावर जमीन घेतली आणि शेवटच्या दृश्यात हसत हसत रोपं लावायला बसला. पडद्यावर अक्षरं आली. महेशने डोळे मिटून घेतले. आता आपल्याला या गावात तोंड दाखवायला जागा राहिली नाही, एवढंच त्याला कळत होतं. दहा वर्षं या माणसांना आपण एका जित्या माणसाचं श्राद्ध घालायला लावलं.

मग आबांचा आवाज आला. “कुत्रं कुठाय?”

सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

“न्हाई, मी काय म्हनतो, कुत्रं दिसलं न्हाई कुठं.”

“डुप्लिकेट हाय ही!” कारभारी उठून उभा राहिला. “बाजारात सगळंच डुप्लिकेट मिळतंय. औषध डुप्लिकेट, बियाणं डुप्लिकेट. कुणीतरी खोटा शेवट बनवलाय!”

“अहो, ओरिजिनल आहे!” राज म्हणाला.

“मंग काय महेशराव खोटं बोलला व्हय? दहा वर्सं?”

“मी कुठं तसं म्हणालो?”

“जावईबापू, फसवलं तुम्हाला कुणीतरी,” मागून कोणी म्हणालं, आणि एक जण फिदीफिदी हसला. राजचा चेहरा लाल झाला. भर सभेत जावयाला हसणं म्हणजे काय झालं! तो पिशवी भरायला लागला. खंडेराव एकदा जावयाकडे बघत, एकदा मंडळाकडे. अध्यक्ष म्हणून कप्तान मेलेला पाहिजे, सासरा म्हणून जिवंत. बिचाऱ्यांच्या कपाळावर घाम आला.

महेशला ते बघवलं नाही. आपल्या थापेपायी एक भला पोरगा सासुरवाडीत चोर ठरतोय! तो उठला आणि माईक धरला.

“सीडी खरी आहे. खोटा मी आहे. मी शेवटचा भाग बघितलाच नाही. मला लाज वाटते सांगायला, पण त्या दिवशी मी मुलगी बघायला गेलो होतो. हिलाच. टीव्ही बंद होता. शेजारच्या भिंतीतून एक धमाका ऐकला, बाकी सगळं मनानं रचलं. कुत्रं शेजाऱ्यांचं असेल. मला माफ करा.”

महेश मान खाली घालून उभा राहिला. शिव्या, चपला, काय येईल ते घ्यायची तयारी होती.

आबा काठी टेकत पुढे आले. त्यांचे डोळे भरले होते. “वा रं पठ्ठ्या,” त्यांनी महेशच्या पाठीवर हात ठेवला. “पाहुन्याची अब्रू राखाया सोताच्या डोक्यावर घेतलंस. मोठ्या मनाचा हायेस.”

टाळ्यांचा कडकडाट झाला.

“आबा, नाही हो! खरंच सांगतोय!”

“कळतंय आमाला, कळतंय,” कारभारीने डोळे पुसले. “कप्तानानं बी हेच केलं असतं.”

“अरे देवा! तिला विचारा ना! ही तिथंच होती!” महेशने पुढच्या रांगेकडे बोट केलं. “सुवर्णा, सांग यांना. टीव्ही बंद होता की नाही?”

दीडशे माना सुवर्णाकडे वळल्या. ती सावकाश उठली, पदर सारखा केला आणि नवऱ्याकडे एक क्षणभर बघितलं. लग्नाला दहा वर्षं होत आली, पण तसं बघणं महेशने अजून पाहिलं नव्हतं.

“टीव्ही चालू होता,” ती खणखणीत आवाजात म्हणाली. “मी चहा घेऊन बाहेर आले तेव्हा कप्तान नुकताच गेला होता. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. कुत्रंही होतं.”

“काळं का पांढरं, पोरी?” आबांनी विचारलं.

“ठिपक्यांचं. आणि राजभाऊ, तुमची सीडीपण खरी असेल हो. परदेशात एक शेवट दाखवत असतील, आपल्याकडे एक. देश तसा वेष.”

खंडेरावांनी एवढा मोठा श्वास सोडला की माईकमध्ये तो ऐकू गेला. जावयाला नारळ आणि टोपी मिळाली. पुण्यतिथी आपल्याकडच्या शेवटाप्रमाणे चालू ठेवायची, असा ठराव एकमताने झाला, आणि महेशला खजिनदार केलं. जेवणात त्याला आग्रहावर आग्रह झाला. एकेक घास घशाखाली उतरताना त्याला चोरी केल्यासारखं वाटत होतं.

परतीच्या वाटेवर मोटारसायकलने चांदोरी मागे टाकली. शेवटी महेशच म्हणाला, “खोटं का बोललीस?”

“मग काय करू? दीडशे लोकांसमोर सांगू, की मला बघायला आलेला माणूस भिंतीला कान लावून बसला होता?”

महेशने उगाचच हॉर्न वाजवला.

“तुमच्या आधी सात जण येऊन गेले मला बघायला,” सुवर्णा मागून म्हणाली. “एकानं चालून दाखव म्हटलं, एकानं गाणं म्हण म्हटलं. एक बँकवाला तर नुसता टक लावून बघत होता. तुम्ही एकटेच असे, की मान वर केली नाही, एक प्रश्न विचारला नाही. मी आईला म्हटलं, इतका लाजाळू मुलगा पुन्हा मिळायचा नाही. बँकवाल्याला नकार कळवला.”

महेशच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. सभेत वाटली ती काहीच नव्हे, अशी लाज आता वाटली. त्याची मान आपोआप खाली गेली, पार पेट्रोलच्या टाकीपर्यंत.

“आता नका लाजू,” सुवर्णा म्हणाली. “वर बघा. समोर उसाचा ट्रॅक्टर आहे.”