धोंडूदादांची वैतरणा

धोंडूदादा वहाणा हातात घेऊन चालत. वाटेत काटे असोत की दगड, वहाणा हातातच. गाव दिसलं की त्या खाली टाकायच्या, पाय झटकून घालायच्या आणि करकर वाजवत आत शिरायचं. म्हणत, "वहाणा माणसांना दाखवायला असत्यात, मास्तर. काट्यांना कशाला?"

दुसरी मोठी लढाई सुरू होण्याआधीची ही गोष्ट. खर्डीजवळच्या गावात मी शाळामास्तर होतो आणि दादा माझे शेजारी. साठीचे, भात लावणारे, घरात एकटेच. अंतर विचारलं की उत्तर ठरलेलं, "हे काय, इथंच." त्यावर विश्वास ठेवून मी एकदा त्यांच्याबरोबर मुरबाडला पायी गेलो. पुढचे दोन दिवस शाळेत बसूनच शिकवलं.

त्या दिवाळीत त्यांच्या मनानं घेतलं, की आपली वैतरणा समुद्राला कुठं मिळते ते बघायचं. बेत अर्थातच नदीकाठानं चालत जायचा. माझी सुट्टी चारच दिवसांची आहे, हे पटवून मी त्यांना आगगाडीत बसवलं. मुंबईचा वळसा घेऊन केळव्याला उतरलो, मुक्काम केला आणि सकाळी किनाऱ्यानं दक्षिणेकडं निघालो.

समुद्र पाहून तरी दादा गप्प होतील असं मला वाटलं होतं. त्यांनी ओंजळभर पाणी चाखलं, थुंकलं आणि एवढं पाणी असून एक वाफा भिजवायच्या कामाचं नाही म्हणून पुढचे दोन तास समुद्राला नावं ठेवली. गाव आलं की ते वहाणा घालत. वाळूत त्या वाजेनात, म्हणून आणखी खट्टू होत. एडवणला बोंबील वाळत घालणाऱ्या एका बाईला त्यांनी भाताची उडवी कशी रचावी ते समजावलं. तिनं हसत सगळं ऐकून घेतलं आणि आम्हांला गूळपाणी दिलं.

दिवस कलताना दातिवऱ्याला नदीच्या मुखाशी पोचलो. भरती होती. पाणी समुद्राकडून आत, उलटं वाहत होतं. दादा बघतच राहिले. तिथं जाळं सांधत बसलेल्या कोळ्याला त्यांनी विचारलं, हे पाणी वर खर्डीपर्यंत जातं का. तो म्हणाला, एवढं लांब नाही जात, वाटेतच थांबतं.

दादा खाली बसले. म्हणाले, "आमची ठकी शहापूरच्या बाजारापल्याड कदी गेली नाय, मास्तर. लांब जायाला भ्यायची. मी तिची राख वैतरणेत सोडली. नदी तिला कुठं नेईल, ते तवा सुचलंच नाय."

तीन वर्षांच्या शेजारात बायकोचं नाव त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं.

मग ते उठले, धोतर खोचून गुडघाभर पाण्यात गेले आणि पाठमोरे काहीतरी बोलत राहिले. मला शब्द कळले नाहीत. ओहोटी लागली तेव्हा बाहेर आले, आजूबाजूची घरं, माड, ओढून ठेवलेल्या होड्या नीट पाहून घेतल्या.

"जागा बरी हाय," म्हणाले. "तिला करमंल."