लखदरचे तीनशे वीस ग्रॅम

सकाळी सहा वाजता कॉन्स्टँटाइन गावच्या त्या जुन्या हम्मामात, वाफेच्या न्हाणीघरात, माणसं तीन, बादल्या चार, वजनकाटा एक आणि मोरीचं भोक एक. मी मोजलं होतं. भौतिकशास्त्राचा पदवीधर आहे मी, मोजल्याशिवाय चैन पडत नाही!

तिघांतला एक मी. दुसरे हम्मामवाले तय्यबकाका. तिसरा माझा चुलतभाऊ लखदर, अल्जीरियाचा फ्लायवेट मुष्टियोद्धा. त्याची आंतरराष्ट्रीय कारकीर्द अशी : इस्तंबूलला पहिल्याच फेरीत हार, कैरोत कांस्य, आणि ट्यूनिसला दोनशे ग्रॅम जास्त भरला म्हणून एक ठोसाही न मारता परत! आज आमच्याच गावात स्पर्धा होती. आठ वाजता वजन. मर्यादा एक्कावन्न किलो. चुकलं तर संघातून नाव कायमचं कट.

"काट्याची काळजी माझी!" मी छातीठोकपणे सांगितलं होतं. "पन्नास ग्रॅम इकडचे तिकडे होणार नाहीत!"

तासभर वाफ घेऊन लखदर ५१.०५० वर आला. वाफ वाढवावी म्हणून मी उकळत्या पाण्याची बादली फरशीवर ओतली, पाणी थेट मोरीत गेलं.

"अरे, अरे!" तय्यबकाका ओरडले. "'बाजूला व्हा' म्हणालास का?"

"कोणाला?"

"खाली राहतात त्या जिन-भुतांना! ओतण्याआधी सांगायचं असतं. पोराटोरांना भाजतं."

"काका, खाली गटार आहे."

मोरीतून बारीक आवाज आला, मांजराचं पिल्लू कण्हावं तसा. मी म्हटलं, हवेचा बुडबुडा!

लखदर पुन्हा काट्यावर चढला. ५१.३७०!

"चोरून पाणी प्यालास!"

"थेंब नाही रे! तुझा काटाच फुटका!"

मी स्वतः चढलो. ६४.२००, रोजच्याइतकंच. काटा ठीक होता. लखदर मात्र मान वाकडी करून उभा होता, खजुराची पाटी खांद्यावर घेतल्यासारखा.

"मानेभोवती काहीतरी गरम लागतंय, कण्हतंय," तो हळूच म्हणाला. त्याच्या गळ्याखाली दोन लाल ठिपके उमटले होते, बोटांच्या टोकांएवढे.

काकांनी आकडा वाचला. "तीनशे वीस. लहान आहे अजून."

"काय लहान आहे?" मी आणि लखदर एकदम किंचाळलो.

"घाबरलंय, म्हणून बिलगलंय. ज्यानं भाजलं, त्यानंच बोलवायचं. चल शहाण्या, माफी माग!"

"मी? मोरीपुढे? पदवीधर माणूस!"

"मुनीर," लखदर म्हणाला. "तीन वर्षं अर्धपोटी झोपलोय रे."

मी गुडघे टेकले. इकडेतिकडे बघितलं. "चुकलं माझं. ये बाळा, माझ्याकडे ये," असं म्हणालो, इतक्या हळू की माझं मलाच ऐकू आलं नाही.

कण्हणं थांबलं.

"पळा!" काका म्हणाले. "आठला दहा कमी!"

वजनाचं सभागृह दोन गल्ल्यांवर. लखदर पळाला, मी मागे. माझ्या अंगावर फक्त हम्मामचा ओला पंचा आहे, हे बेकरीसमोरच्या बायका हसल्या तेव्हा कळलं!

पंचांनी आकडा मोठ्यानं वाचला : "पन्नास किलो नऊशे ऐंशी ग्रॅम. पात्र!"

लखदरनं मला मिठी मारली आणि लगेच हात मागे घेतला. "तुझी मान तापलीय का रे?"

"पळालो म्हणून," मी म्हणालो. पंच नाश्त्याला उठले होते. काटा रिकामा होता, चालू होता. मी त्याच ओल्या पंच्यात वर चढलो.

६४.५२०.